पाहुणे हाकलणारा कीबोर्ड

आमच्या घरात पाहुण्यांशी उद्धटपणे फक्त कीबोर्ड बोलतो, आणि त्याला ते मी शिकवलं.

झालं असं, की मला माणसांना उत्तरं द्यायची भयंकर भीती. (‘लग्नाचं काय?’ विचारणाऱ्या आत्यांना तर फारच!) म्हणून मी माझ्या कीबोर्डमध्ये नवं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम, घातलं. कळ दाबून लगेच सोडली तर अक्षर. दाबून धरली तर अख्खं वाक्य, तेही परस्पर पाठवून मोकळं! एच धरला की ‘सॉरी, बिझी.’ एन धरला की ‘नॉट इंटरेस्टेड.’ वाय धरला की ‘प्लीज डोन्ट आस्क अगेन.’

दुसऱ्याच दिवशी आई माझ्या कॉम्प्युटरवर बसली. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या ठरवल्या होत्या, आणि कोल्हापूरच्या एका काकूंचा पहिलावहिला मेसेज आला होता : ‘चार दिवस खोल्या मिळतील का?’

“अगो, इकडे ये! मी ‘हो’ लिहितेय, तर हा मेला ‘बिझी’ म्हणतोय!”

“काहीतरी भलतंच दाबलं असशील.”

“‘नमस्कार’ लिहायला गेले, तर म्हणतो इंटरेस्ट नाही!”

मी बसून ‘हो’ लिहिलं. ‘हो’च उमटलं. आई बसली : ‘सॉरी, बिझी.’ मी चक्रावले. फर्मवेअर पुन्हा घातलं, केबल बदलली, कीबोर्ड उलटा करून रीसेटचं बटण सेफ्टी पिनने टोचलं. तरी माझ्या हाताखाली गरीब गाय, आईच्या हाताखाली पिसाळलेला! (प्रत्येक चाचणी त्याच काकूंच्या चॅटमध्ये. हेही माझ्या लक्षात आलं नाही!)

“आई, तुझ्या बोटांत करंट आहे का?”

“तो तुझ्या डोक्यात असता तर बरं झालं असतं!”

मग ‘या’ लिहायला तिने वाय दाबला. आंबा पिकलाय का बघावा तसा, सावकाश, दाबूनच ठेवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण ‘प्लीज डोन्ट आस्क अगेन’ कोल्हापूरला पोहोचलं होतं.

“लाव फोन,” आई म्हणाली.

“मी?”

“मग कोण, कीबोर्ड?”

लावला.

“काय हो,” काकू कडाडल्या, “तुमच्याकडं मेसेजला बसवलेली ती उद्धट पोरगी कोण?”

“तिला... आत्ताच काढून टाकलं.”

“झ्याक केलंत बघा! मग येतो आम्ही.”

आले, आणि चांगले चार दिवस राहिले. तेवढे दिवस मी आमच्याच घरात शेजारची मुलगी म्हणून चहाला येत होते!