जागचा न हलणारा डाग

आमच्या वन्संच्या नाकावर माशी बसलेली चालायची नाही. कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्याच प्रयोगशाळेत मदतनीस. घरी नणंद, कामावरही नणंद. सुटका म्हणून नाही. त्या ओरडल्या की मी तोंड वेडावायचे आणि त्या हमखास पकडायच्या. "तोंड सरळ कर," म्हणायच्या. लग्न केलं नाही, मैत्रिणी जोडल्या नाहीत. सूक्ष्मदर्शक हाच त्यांचा संसार.

पहिल्या वर्षाची मुलं कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी सोडून हवेच्या बुडबुड्यांची चित्रं काढून आणत. एकाने तर स्वतःची पापणीच काढली होती, अगदी केसासकट. वन्सं चित्र परत करायच्या. "जाड काळी कड आणि मध्ये काही नाही, तो बुडबुडा. पेशी म्हणतोस, तर मधलं केंद्रक दाखव!"

एका सकाळी त्या माझ्यावरच उखडल्या. "भिंगं पुसली नाहीस का गं? मधोमध डाग आहे."

"पुसलीत. तुम्हाला माझंच काम बरं डागाळलेलं दिसतं!"

डाग शोधायची रीत त्यांनीच मला शिकवली होती. काचपट्टी सरकवायची, डाग सरकला तर तो पट्टीवर. डोळ्याजवळचं भिंग फिरवायचं. डाग फिरला तर तो त्या भिंगावर. नाहीतर खालचं भिंग बदलून बघायचं. वन्संनी सरकवलं, फिरवलं, बदललं. डाग ढिम्म हलेना. त्या शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर गेल्या, मग त्याच्या पुढच्या. तोंडाचा पट्टा चालूच. टेबल संपलं तशा समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"भिंतीवरही आहे," म्हणाल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. उजव्या डोळ्याचा पडदा मध्यभागी खराब झालाय, डाव्याचीही सुरुवात आहे, गेलेली नजर परत येणार नाही. माझा नवरा म्हणाला, "होईल गं ताई सगळं ठीक." मला त्याचा असा राग आला! डॉक्टर नाही म्हणत असताना हा कशाच्या जोरावर हो म्हणत होता?

कॉलेजात सांगायचं नाही, असं वन्संनी मला बजावलं. शिकवणं तोंडपाठ होतं, ते निभत गेलं. मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, पेशी सापडली."

वन्संनी डोळा लावला. एक डोळा, मग दुसरा. बराच वेळ बघून म्हणाल्या, "छान आहे," आणि पूर्ण गुण दिले. नंतर काचपट्ट्या धुवायला घेताना मी ती पट्टी बघितली. गोल, जाड काळ्या कडेचा, आत रिकामा बुडबुडा होता.

मुलं गेल्यावर वन्सं सूक्ष्मदर्शकांवर कापडं घालत होत्या.

"बुडबुडा होता ना?"

खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. "हो."

"कड दिसली गं मला. मधलं दिसेना. म्हटलं, असेल केंद्रक." त्यांनी शेवटचं कापड नीट ओढलं. "उद्या राजीनामा देते."

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि चांगली जीभ बाहेर काढून तोंड वेडावलं. ओरडा, म्हटलं मनात, एकदा तरी ओरडा.

वन्सं माझ्याकडेच बघत होत्या.

"गप्प का झालीस?" त्यांनी विचारलं.