रंजक्याची बरणी आणि मेणबत्ती

मी लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मीच पहिला. कॉलेजात दोन वर्षं काढली म्हणून लिहिण्याचा अधिकार येत नाही, हे मला कळतं. त्यात विषय रंजक्याचा, म्हणजे लाल मिरचीच्या आंबवलेल्या ठेच्याचा, चुलीकडचा. पण त्या कामात मला फार आनंद व्हायचा आणि त्यातच माझ्या हातून एक चूक झाली. दोन्ही खरं आहे, म्हणून लिहितो.

आमचं गाव मुडबीजवळ. मार्गशीर्षात मिरच्या झाडावरच पिकून लाल झाल्या की अव्वा, म्हणजे माझी आई, रंजका घालायची. मिरची धुवायची नाही. कोरड्या फडक्यानं एकेक पुसायची, देठ मोडायचा आणि मीठ घालून उखळात कुटायची. मीठ अव्वाच्या मुठीनं. माझी मूठ मोठी, म्हणून मला मिठाला हात लावू देत नसे. कुटलेला गोळा बरणीत भरून तोंडाला धुवट फडकं बांधायचं आणि तीन दिवस बरणीला शिवायचं नाही. तोवर रंजका फुगून वर येई. मग तो काढून लिंबाचा रस, भाजलेल्या मेथीची पूड आणि हिंग घालून पुन्हा वाटायचा. असा रंजका वर्षभर टिके. भाकरीवर तो आणि त्यावर तेलाची धार घेतली की दुसरं कालवण लागत नसे.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी गुलबर्ग्याहून घरी आलो आणि मुसळ हातात घेतलं. समोरून शेजारची धनगराची मावशी दुसरं मुसळ मारत होती. तिखटानं मला शिंकांवर शिंका.

"काय रं, कालेजात मिरच्या कुटायला शिकवायलेत का?"

"न्हाई मावशी. तिथं काचंच्या नळ्या असत्यात."

"मग तोंड फिरवून शिंकायला तरी शिकवायचं की! उखळात कामून शिंकायलास?"

अव्वा हसली, पण तिचं लक्ष बरणीकडे होतं. त्या वर्षीची पहिली बरणी अक्कासाठी होती. अक्का माझी थोरली बहीण, बीदरजवळ कमठाण्याला दिलेली. तिला पाचवा महिना लागला होता. पहिल्या खेपेचं पोटातच गेलं होतं. आताही अन्न ठरत नव्हतं, अंग वाळत चाललं होतं. काहीही पुढं केलं की तोंड फिरवायची आणि फक्त अव्वाच्या हातचा रंजका मागायची, असा निरोप आला होता.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दुसऱ्याच दिवशी बैल बघायला बीदरकडं जायचं होतं. अव्वा म्हणाली, "तीन दिस थांबा की. रंजका अजून उठला न्हाई."

"बैलवाला थांबतोय व्हय माझ्यासाठी?" अप्पा म्हणाले.

तेव्हा मी मधे बोललो. प्रयोगशाळेत बाटलीचं बूच मेणानं बंद करतात, म्हणजे हवा आत जात नाही आणि आतलं काही बिघडत नाही, हे मी पाहिलं होतं. दुसरं वाटण सासरी करतील, तोवर बरणी नीट पोचली म्हणजे झालं, असं मी सांगितलं.

"फडकंच बांधतेत रे," अव्वा म्हणाली. "त्याला वारं लागतंय."

"वाऱ्यानंच बिघडतंय, अव्वा. पुस्तकात हाय."

तिनं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "तू शिकलायस. तुला ठावं."

मी झाकण बसवलं, भोवती मेणबत्ती वितळवून ओतली आणि वरून सुतळीनं आवळलं. काम सुबक झालं होतं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला.

बरणी गेली. अप्पा कमठाण्याला एक रात्र राहून परत आले. बरणी तशीच बंद ठेवून आलो म्हणाले. मीही गुलबर्ग्याला आलो.

पंधरा दिवसांनी वर्गात आंबवण्याचा प्रयोग होता. बाटलीच्या बुचातून एक नळी बाहेर काढलेली. मी विचारलं, नळी कशाला? सर म्हणाले, आंबताना वायू होतो. त्याला वाट ठेवली नाही तर बाटली फुटते.

माझी बरणी चिनी मातीची होती, आणि ती उघडायला अक्का वाकली असेल, हेच डोळ्यांसमोर येऊ लागलं. घरी पत्र टाकलं. पण अप्पांना वाचता येत नाही, पत्र वाचून दाखवणारे गावातले मास्तर रजेवर. अक्काच्या सासरी लिहिलं असतं, तर ते मोठ्यानं वाचलं गेलं असतं. मी भ्यालो, लिहिलं नाही. महिनाभर वसतिगृहाच्या जेवणातल्या लोणच्याला हात लावला नाही.

शेवटी एका रविवारी अप्पा स्वतः आले. हातात लहान बरणी, तोंडाला फडकं बांधलेली. कमठाण्याहून सरळ इकडंच आलो म्हणाले.

"अक्का कशी हाय?" मी दारातच विचारलं.

"बस तरी." ते पायरीवर टेकले. "तुझी बरणी तिसऱ्या दिशी उडाली. झाकण जाऊन आढ्याला लागलं. सगळी भिंत लाल."

"अन अक्का?"

"ती परड्यात होती. सासू होती चुलीपाशी. म्हातारी म्हणली, सुनंच्या भावाच्या कालेजचा आवाज कमठाण्यापत्तुर आला."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.

"बरणी शाबूत हुती, बुडाला निम्मा राहिला हुता. म्हातारीनंच त्यात मीठ घातलं, वाटला, फडकं बांधलं. अक्का दोन्ही वक्त त्याच्यासंगं भाकर खायलीय. ठरायलंय पोटात. सातवा लागलाय, अंग भरलंय." अप्पांनी पटक्यानं तोंड पुसलं. "आता संपलाय. ही रिकामी बरणी भरून धाडा म्हणती म्हातारी. पण शिकलेल्याचा हात लावू नका म्हणती."