डोळ्यांपुरतं काळं

आमची वहिनी विद्यापीठात काम करते म्हटलं की लोक विचारतात, काय शिकवते? ती काही शिकवत नाही. ती थंड करते. एवढं ऐकलं की समोरचा थेट फ्रीजच्या दुरुस्तीवर पोचतो, आणि आमच्या गल्लीत तर तिचं नाव ‘फ्रीजवाली’ असंच पडलंय. एकदा समोरचे काका खरोखरच बोलवायला आले, आमचा फ्रीज गळतोय म्हणून. वहिनी गेली, आणि वर दुरुस्तही करून आली. तिला कुणाला नाही म्हणता येत नाही, हा तिचा जुना रोग.

खरं काम असं आहे. दुर्बिणीच्या मागे बसवायचे कॅमेरे त्यांच्या प्रयोगशाळेत तयार होतात. आपल्या डोळ्यांना दिसतो तो प्रकाश ते टिपत नाहीत, तांबड्याच्याही पलीकडचा टिपतात. धुळीच्या आड जन्मणारे तारे त्यात दिसतात म्हणे. पण त्या प्रकाशात ऊब असलेली कुठलीही वस्तू थोडीफार चमकते, मग ती तुमची बोटं असोत नाहीतर चहाचा कप. कॅमेरा स्वतःच कोमट असला तर तो तारे सोडून स्वतःलाच बघत बसेल, आमच्या दादासारखा. म्हणून त्याचं सगळं पोट धातूच्या एका जाड भांड्यात बंद करायचं, आतली हवा काढून घ्यायची आणि द्रवरूप नायट्रोजन ओतून ते गारठवायचं. त्या भांड्याला तिथले सगळे हंडा म्हणतात. हंडा भरणं, उघडणं आणि प्रकाश टिपणारी चिप त्याच्या आत बसवणं हे वहिनीचं काम. चिप बिस्किटाएवढी, पण ती बसवायची वेळ आली की वहिनीखेरीज कुणी पुढे होत नाही.

गेल्या हिवाळ्यात वहिनीचे हात थरथरायला लागले.

पहिल्यांदा ते माझ्याच लक्षात आलं. मी शाळांचे गणवेश शिवते, आणि चाळिशी लागल्यापासून सुईत दोरा ओवून द्यायचं काम वहिनीकडे आहे. त्या संध्याकाळी दोरा काही केल्या जाईना. “चिमे, दिवा लाव गं,” ती म्हणाली. दिवा लावलेलाच होता. मी काही बोलले नाही, आणि न बोलणं हा माझा स्वभाव नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की काही गंभीर नाही, काही घराण्यांत असतं असं, जिवाला धोका नाही. माझा जीव भांड्यात पडला. तिचा नाही पडला.

“जिवाला नाही म्हणतो. कामाला आहे का, ते मी विचारलंच नाही.”

प्रयोगशाळेत तिने कुणाला कळू दिलं नाही. आणि नेमकी तेव्हाच नवी चिप आली. खास बनवून घेतलेली, दुसरी नाही. ती बिघडली तर कॅमेरा दुर्बिणीपर्यंत पोचणारच नव्हता. वहिनीने मनगट टेबलाला टेकवलं, श्वास रोखला आणि चिप गोंदावर ठेवली. नीट बसली, असं घरी येऊन म्हणाली. मग हंडा बंद झाला, गार झाला, आणि पहिलं चित्र घेतलं. आत चिपसमोर एक थंड झाकण असतं. ते लावलेलं असताना चित्र पूर्ण काळं यायला हवं. एका कोपऱ्यात पांढरी कोर आली.

तिथल्या प्राध्यापकांना सगळे नुसतं सर म्हणतात. सरांनी पडद्यावरच्या कोरेवर बोट ठेवलं. गारठल्यावर चिप आणि तिच्याखालचा धातू सारखे आकसत नाहीत. गोंद एका बाजूला कमी दाबला गेला तर कोपरा उचलतो आणि चिरतो. “ताई, कोपरा उचललेला दिसतोय,” ते हळूच म्हणाले. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वहिनी मला म्हणाली.

उघडून बघावं तर तीही सोय नाही. गार हंडा उघडला की खोलीतली वाफ चिपवर बसते, म्हणून तो आधी सावकाश, दोन-तीन दिवस घेऊन, कोमट होऊ द्यायचा. त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं. दादा मुकाट्याने जेवला, यावरून काय ते समजा.

“माझ्या हातांनी झालंय ते, चिमे.”

“मग सांग ना सरांना! हात धरून कोण बसलंय?”

“सांगून चिप परत येणार आहे का?”

मला तिचा असा राग आला की मी ताट घासायलाही थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तर सकाळी हीच दारात उभी. हंडा कोमट करायला सोडायच्या आधी तिला तो एकदा बघायचा होता, आणि एकटीला जाववत नव्हतं. गेले. न जाऊन करते काय?

दारात चपला काढायला लावल्या, डोक्याला कागदी टोपी घातली. पंप घुरघुरत होता, नळ्यांवर बर्फाची साय धरली होती. मध्ये टेबलावर तो हंडा, पोटाला काचेची गोल खिडकी. सर दाढीही न करता आलेले. पडद्यावर ती कोर. “छान दिसतेय की,” मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

सर हंड्याच्या खिडकीसमोरून पलीकडची नळी बघायला वाकले, आणि वहिनी खुर्चीतून उठलीच.

“सर, बाजूला व्हा.”

“काय झालं?”

“व्हा हो आधी!”

ते झाले. “आता परत या.” ते आले. कोर उजळली. सर बाजूला, कोर मंद. सर समोर, कोर लख्ख. एवढा मोठा माणूस तिच्या सांगण्यावरून पुढे-मागे करत होता, आणि या खेपेला हसायची हिंमत मला झाली नाही.

“चीर असती तर खिडकीसमोर कोण आलंय हे तिला कसं कळलं असतं?” वहिनी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. कोपऱ्यातल्या फ्रीजमधून तिने बर्फाचा ट्रे काढला आणि खिडकीसमोर धरला. कोर जवळजवळ विझली. ट्रे ठेवून तिने स्वतःचा तळहात धरला. कोर उजळली आणि लुकलुकायला लागली.

हात लपवायला तिच्याकडे अजून वेळ होता. तिने तो तिथेच ठेवला.

“सर, माझा हात थरथरतो. हिवाळ्यापासून.”

“थरथरू दे,” सर म्हणाले. त्यांचं लक्ष पडद्यावरून हलत नव्हतं. “काढू नका ताई. तो हलतो तशी कोर हलतेय. उजेड बाहेरूनच येतोय! चिप ठीक आहे!” आणि मग भानावर येऊन म्हणाले, “पुढच्या वेळी मनगटाला टेकू करून घेऊ. आधी का नाही सांगितलंत?”

मी तेच सांगत होते. पण माझं ऐकतं कोण?

हंडा कोमट झाल्यावर उघडला, तर चिपचे चारी कोपरे सपाट. चोर निघाली झाकणाशेजारची धातूची एक नवी गोल कडी. तिला नेहमीचा काळा रंग लावायचा राहिला होता, कारण कारखान्यातून ती रसायनात बुडवून काळी होऊनच आली होती, आणि सर व वहिनी दोघांनीही ती उजेडात धरून “वा, काय काळी झालीये!” म्हणून बसवली होती. डोळ्यांना ती कोळशासारखी काळी. चिपला मात्र लखलखीत ताट. खिडकीतून आलेली ऊब तिच्यावरून उसळून झाकणाच्या कडेने आत शिरत होती.

“जन्म गेला न दिसणाऱ्या प्रकाशात,” वहिनी कपाळावर हात मारून म्हणाली, “आणि काळं ठरवलं ते डोळ्यांनी!”

कडी रंगवली. हंडा पुन्हा गार झाला. त्या दुपारी दादा माझ्या शिवणाच्या दुकानात बसला होता, तेव्हा त्याचा फोन वाजला. पलीकडून वहिनीचं रडणं मलाही ऐकू येत होतं.

“अहो, काही दिसत नाहीये! काही म्हणजे काहीच दिसत नाहीये!”

दादा पांढराफटक पडला. “डोळ्यांना काय झालं तिच्या?” म्हणत तो चपला शोधायला लागला. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि ओरडले, “सगळं काळं?”

“सगळं काळं, चिमे!” ती म्हणाली, आणि मग मीही रडले.