आप्पांची मुलाखत

हातकणंगल्याच्या फलाटावर आप्पा, माझे वडील, माझ्याशी बोलत होते आणि अख्खा फलाट ऐकत होता. कबनूरला आमचे चार यंत्रमाग. त्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस हळू बोलणार कसा? "शिकाय चाललीस न्हवं? मग शीक. हिकडची काळजी करू नगंस!" एकोणीसशे ब्याण्णव साल. मी अमेरिकेला समाजशास्त्र शिकायला निघाले होते, आणि काळजी न करण्याचा हुकूम मी जरा जास्तच मनावर घेतला.

तिथंच प्राध्यापक झाले, लग्न केलं, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला शिकले. विषय निवडला म्हातारपण, आजार आणि मरण. नर्सिंग होममधल्या परक्या आजी-आजोबांना मी विचारायची, शेवट कुठं व्हावा, जवळ कोण असावं. ते सांगायचे, मी टेप करायची. गळा कधी दाटला नाही. आमच्या धंद्यात त्याला कौशल्य म्हणतात.

बारा वर्षांनी तोच अभ्यास कबनूर-कोडोलीकडं करायचा ठरला. प्रश्नावली मीच मराठीत केली. आपल्या नातेवाइकांची मुलाखत घ्यायची नसते, म्हणून आप्पांना वगळलं. ते भडकले. "गावातल्या समद्या म्हाताऱ्यास्नी इचारतीस, मी काय अजून तरणा हाय व्हय?" मग बसवलं समोर. शेवटच्या आजारपणात जवळ कोण असावं, असं विचारून मी पर्याय वाचले: बायको, मुलगा, सून, नातू, नर्स.

"आणि लेक?"

लेक नव्हतीच. इंग्रजी फॉर्ममध्ये होती, मराठी करताना गळली होती. लग्न झालेल्या लेकीकडून सेवा घ्यायची नाही, हे आमच्याकडं इतकं मुरलेलं की लेकीलाच लेक सुचली नाही. कितीतरी घरांत तो फॉर्म वाचून झाला होता. कुणी हटकलं नव्हतं.

"ल्ही की," आप्पा म्हणाले. मी लिहिलं. तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

दोन वर्षांनी एका सकाळी मी वर्गावर निघताना धाकट्या भावाचा, बसूचा फोन आला. "आक्का, आप्पा गेलं." तिकडं दिवस कलला होता. आम्ही लिंगायत, आमच्यात मृताला बसवतात आणि बसल्या बसल्याच माती देतात. आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसलेले, भोवती सगळी गल्ली. मला पोचायला दोन दिवस लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बसू म्हणाला, "तू येईस्तवर ठेवू? बर्फ आणतो. तू सांगशील तसं."

"नको," मी म्हटलं. "द्या माती." मग वर्ग रद्द केला आणि पोटभर रडले.

गावी राहिलेले तुम्ही मला विचारता, आता तुझं घर कुठलं? माझ्यासारखे निघून आलेले तर विचारतच नाहीत. इथं माझी नोकरी आहे, माणसं आहेत, विम्याचं कार्ड आहे. पण माझ्या एका शब्दासाठी अख्खी गल्ली खोळंबली होती ती कबनूरला. मी नको म्हणेपर्यंत आप्पांना कुणी जागेवरून उचललं नव्हतं.