परवानगीची खिडकी

वसंत महेंद्रकर यांच्या खिडकीतून येणारा उजेड सकाळी पांढरा असतो. दुपार कलायच्या आधी त्यात शेजारच्या परसातल्या पेरूच्या पानांचा हिरवा मिसळतो आणि मग थोडा वेळ रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. तेवढा वेळ ते सुई खाली ठेवून डोळे मिटतात. त्यांच्या पत्नी सुलभाताई याला झोप म्हणतात. ते म्हणतात, रंग जागेवर यायची वाट बघतोय.

हुबळीच्या दाजीबानपेठेमागच्या बोळात महेंद्रकर रफूचं काम करतात. खिळ्याला अडकून फाटलेला इरकलीचा पदर, सिगारेटनं भोक पडलेली कोटाची बाही, उंदरानं कुरतडलेला शालू. कापडाच्याच आतल्या कडेचा धागा उसवून घ्यायचा आणि भोक कुठं होतं हे कापडालाही आठवू द्यायचं नाही. ट्यूबलाइटखाली हे जमत नाही. तिथं जांभळा आणि मोरपंखी सख्खे भाऊ दिसतात. घराच्या दोन बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, दारापुढं चिंचोळा बोळ. उजेड येतो तो मागच्या एकाच खिडकीतून, आणि ती उघडते शेजारच्या परसात.

गेल्या वर्षी त्या खिडकीवर दावा झाला. समन्स घेऊन आलेल्या बेलीफानं दारातून विचारलं, “प्रतिवादी तुम्हीच का?” आयुष्यात वसंतरावांना कोणी या नावानं हाक मारली नव्हती. त्यांनी मागं वळून पाहिलं.

वादी होता श्रीनिधी, शेजारच्या राघवेंद्र मास्तरांचा मुलगा. मास्तर वारले, त्यांच्या पत्नीही गेल्या. श्रीनिधी बंगळूरला नोकरीला. त्याला जुनं घर पाडून हद्दीपर्यंत दोन मजले चढवायचे होते, आणि खिडकी आड येत होती. दाव्याच्या पाचव्या परिच्छेदात लिहिलं होतं: वादीच्या वडिलांनी केवळ शेजारधर्म म्हणून प्रतिवादीला भिंत फोडून खिडकी पाडायची परवानगी दिली होती, ती आता काढून घेतली आहे.

वसंतरावांची वकील वेदश्री हिचं ऑफिस विद्यानगरात. तिनं प्रत वाचली आणि पाचव्या परिच्छेदावर पेन ठेवलं.

“काका, सगळा दावा इथं उभा आहे. वीस वर्षं कोणाला न विचारता, उघडपणे, हक्कानं उजेड घेतला असेल, तर तो तुमचा. कोणी भिंत घालू शकत नाही. पण परवानगीनं घेतला असेल, तर शंभर वर्षं घेतलात तरी हक्क होत नाही.”

“मग?”

“मग लेखी कैफियतीत या परिच्छेदासमोर लिहायचं, नाकबूल. परवानगी शाबित करायला त्यांच्याकडे कागद नाही, साक्षीदार नाही. तुम्ही नाही म्हटलंत की झालं.”

“पण मास्तर म्हणाले होते.”

वेदश्री हसली. “सगळेच नाकबूल लिहितात, काका. वादी हा वादी आहे, हेसुद्धा नाकबूल लिहिणारे सीनियर आहेत आमच्यात. घरी जाऊन नीट आठवा. जे नाकारलं नाही ते कबूल धरतात, एवढं ध्यानात ठेवा.”

वसंतराव घरी येऊन आठवायला बसले.

ती दुपार त्यांच्याजवळ अख्खी होती. तेव्हा खिडकी नव्हती. ते उन्हामागं फिरायचे: सकाळी स्वतःच्या पायरीवर, मग समोरच्या बोहारणीच्या ओट्यावर, मग मास्तरांच्या परसात पेरूखाली. मास्तर शाळेतून आले, छत्री फांदीला अडकवली आणि म्हणाले, “वसंता, उन्हामागं किती पळशील? भिंत फोड की.” वसंत म्हणाला, भिंत माझी, पण परस तुमचं. त्यावर मास्तर म्हणाले, “उजेड काय माझ्या अप्पानं विकत घेतलाय?”

आता त्यांनी ही दुपार मास्तरांशिवाय मांडून बघायला सुरुवात केली. डोळे मिटायचे, हातात छिन्नी घ्यायची, कोणाला न विचारता पहिली वीट काढायची. पहिल्या दिवशी विटेमागं वीटच निघाली. पोपडे पडत राहिले, उजेड येईना. दुसऱ्या दिवशी वीट सुटली, पण फांदीला छत्री होती. मग छत्री गेली. मग मास्तर परसातून घरात गेले. वाळत घातलेलं धोतर तेवढं हलत होतं. हिरव्या उजेडाच्या वेळी वसंतराव रोज थोडं थोडं काम करत होते, आणि काम साफ होत होतं.

“काय पुटपुटताय?” सुलभाताईंनी विचारलं.

“खिडकी पाडतोय.”

“पाडा. आणि परवा सही करून या. मास्तर काही वरून उलटतपासणी घ्यायला येत नाहीत.”

“ते म्हणाले होते, सुलभा.”

“म्हणाले होते, मला माहीत आहे. म्हणून आता अंधारात बसायचं? पोटाला काय, त्यांचं बोलणं वाढू?”

सही करायच्या दिवशी सकाळी, बसची वाट बघताना, वसंतरावांनी सहज मास्तरांचं ते वाक्य आठवून बघितलं. शब्द आले. आवाज आला नाही. कन्नड वळणाचा, शेवटच्या शब्दावर उडी मारणारा तो आवाज कुठं होता ती जागाच सापडेना. एखादं भोक बुजवल्यावर ते स्वतः कापड उजेडाकडे धरून शोधत, आणि सापडलं नाही की समाधानानं घडी घालत. या वेळी त्यांना धसका बसला. बस आली आणि गेली. दुसरी आली तेव्हा ते चढले.

ऑफिसात कैफियत टाइप होऊन तयार होती. शेवटी ओळ होती, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, आणि खाली सहीची जागा.

“पाचवा बदला,” वसंतराव म्हणाले. “कबूल.”

“काका, कबूल लिहिलं तर साक्षीपुराव्यापर्यंतसुद्धा जाणार नाही. कबुलीवरच निकाल लागेल. खिडकी जाईल.”

“जाईल.”

“मुदत मागून घेऊ. विचार करा.”

“मुदतच नको. अजून थोडे दिवस मिळाले तर मला खरंच आठवायचं नाही.”

वेदश्रीनं त्यांच्याकडे बघितलं, कागद परत घेतला आणि टायपिस्टला हाक मारली.

निकाल पावसाळ्यानंतर लागला, वादीच्या बाजूनं. दिवाळी झाली आणि गवंडी आले. भिंत अर्ध्यावर आली त्या दिवशी श्रीनिधी पलीकडे उभा होता. त्यानं उरलेल्या खिडकीतून आत डोकावून विचारलं, “वसंतकाका, अप्पा नेमकं काय म्हणाले होते हो? मी नुसतं आईकडून ऐकलं होतं. वकिलांनी घालून दिलं परिच्छेदात. तुम्ही नाही म्हणाल असंच वाटलं होतं.”

वसंतरावांनी सांगितलं, छत्रीपासून. शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज शेवटच्या शब्दावर किंचित उडी मारून गेला. श्रीनिधी एकदम हसला.

“तस्संच बोलायचे,” तो म्हणाला.

गवंड्यानं विचारलं, पुढचा थर घालू का? श्रीनिधी थोडा वेळ पेरूच्या झाडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, घाल.

संध्याकाळी सुलभाताईंनी ट्यूबलाइट लावली. पुढ्यात एका आमदाराच्या खादी झब्ब्याचं काम पडलं होतं.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आता पांढरं तेवढं घेईन. पांढऱ्याला पांढराच धागा लागतो.”

“हुबळीत पांढरं घालणारे उरलेत किती?”

वसंतरावांनी झब्बा जवळ ओढला आणि आतली कड उसवायला घेतली.

“निवडणूक येतेय,” ते म्हणाले.