अग्नीला हात जोडणारं भूत

आखाजीचा सण तोंडावर आला की एरंडोलला ऊन सकाळीच दारात येऊन बसतं. रुसलेल्या जावयासारखं. उठायचं नाव घेत नाही. म्हणून कमलबाई उजाडायच्या आत चूल पेटवते. चुलीवर पालथं मातीचं खापर, परातीत तिंबून तिंबून लवचीक झालेली कणीक, शेजारी पुरण. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत ती कोपरापर्यंत वाढवते आणि पातळ ओढणी पसरावी तसा मांडा खापरावर टाकते. लग्न कोणाचंही असो, मांडे कमलबाईचे.

पहिला मांडा टाकण्याआधी मात्र कणकेचा एक चिमटा आगीत जातो आणि तिचे दोन्ही हात कपाळाला लागतात. आईनं शिकवलं, आईला आजीनं. या एका सवयीपायी कमलबाईनं सबंध पिक्चर बुडवला, असं गाव वीस-बावीस वर्षं बोलत होतं.

पिक्चर प्रेमराज भाऊंचा. प्रेमराज लग्नाची शूटिंग करायचे. रडणाऱ्या नवऱ्या काढून काढून ते इतके कंटाळले की त्यांना घाबरणारी माणसं काढायची हौस आली. त्यांचा मेव्हणा चुडामण म्हणाला, पैसा मी लावतो, पण खुनी मीच होणार. ठरलं. पिक्चरचं नाव ‘बंद जीनमधली बाई’. कापसातली सरकी काढायची एक बंद पडलेली जीन, तिथं एकामागून एक माणसं मरतात, आणि संध्याकाळी आत केस सोडलेली बाई मांडे करताना दिसते. लोक म्हणतात भूत. शेवटी कळतं की बाई जिवंत आहे. लोकांनी भिऊन लांब राहावं म्हणून खुन्यानंच तिला तिथं बसवलंय.

भूत व्हायला गावात कोणी बाई तयार होईना. प्रेमराजनं कमलबाईला कितीतरी लग्नांत पाठमोरी पाहिलेली, समोर जाळ आणि दोन्ही हात पसरलेले. ते घरी येऊन म्हणाले, “तुले काही नवं करनं नही. रोज करस तेच कर. फक्त केस मोकळा सोड.”

तिनं रोजचं तेच केलं. म्हणजे चिमटा आगीत टाकला आणि हात जोडले.

प्रेमराजच्या हे ध्यानात आलं जळगावला एडिटिंगला बसल्यावर. तोवर उजेडासाठी आणलेला ट्रॅक्टर परत गेला होता, सीन पुन्हा काढायची सोय उरली नव्हती. पिक्चर तसाच पडद्यावर लागला. त्या दिवशी कमलबाई धरणगावला एका लग्नात मांडे करत होती. परत आली तर गल्लीत पोरं हात जोडून नाचतायत. “भूत कधी अग्नीले हात जोडस का?” प्रेमराजनं तर चौकात सांगून टाकलं, “रहस्य कमलबाईनी फोडं. तिनी पिक्चर बुडाई टाका.” पुढं त्यांच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा तीन गल्ल्यांवरची कमलबाई सोडून त्यांनी मांड्यांना नशिराबादहून बाई आणली. ते तिच्या जिव्हारी लागलं. प्रेमराजनं परत पिक्चर काढला नाही, आणि तेही आपल्याच माथी, असं ती धरून बसली. गंमत म्हणजे पिक्चर तिनं पाहिलाच नव्हता.

यंदा नूर महंमदची मुलगी सदफ हिला वडिलांच्या बंद कॅसेट लायब्ररीच्या माळ्यावर पिक्चरची कॅसेट सापडली. तिनं ती नीट करून घेतली आणि रविवारी दुपारी मंगल कार्यालयात दाखवायचं ठरवलं.

“आत्या, आपलेबी जानं शे,” सून रत्ना म्हणाली.

“माले नही येनं. बठ्ठं गाव हासी.”

“हासू द्या. पन तुम्ही काय बिघाडं, ते एकदाव दखा तरी.”

कमलबाई उठली. तिनं चांगलं लुगडं काढलं.

कार्यालयात पंखे गरम हवा ढकलत होते. प्रेमराज पहिल्या रांगेत, वाळलेल्या शेंगेसारखे बारीक झालेले. कमलबाई भिंतीकडेला बसली, वेळ आली तर उठून जाता यावं म्हणून.

पिक्चर सुरू झाला. जीनचं फुटलेलं छत, पत्र्यावर चालणारी कबुतरं, दारावरचं गंजलेलं कुलूप. सुरुवात बाकी झ्याक होती. अंगावर काटा आला. मग इन्स्पेक्टर आला आणि काटा खाली बसला. त्याचा डगला बँडवाल्याचा होता, खांद्यावर सोनेरी झालर. हिरोची मिशी एका सीनमध्ये जाड, दुसऱ्यात बारीक. मध्येच केळीच्या बागेत गाणं. खून झालेल्याचा भाऊच नाचत होता. लोक खुर्च्या बडवत होते.

मग दुसरा खून झाला. खुनी घोंगडीत पार गुंडाळलेला, डोळेसुद्धा दिसत नव्हते. तो पळत बाहेर आला, फटफटीवर बसला, आणि फटफटी सुरू होईना. किक मारतोय, मारतोय. कॅमेरा बापडा उभा. मागच्या मडगार्डवर कमळाचं चित्र आणि ठळक अक्षरं: ‘कानबाई माता प्रसन्न’. पुढच्या सीनमध्ये चहाच्या टपरीवर चुडामण आला. त्याच फटफटीवरून.

“चुडामण नाना शे रे खुनी!” मागून कोणीतरी ओरडलं आणि कार्यालय फुटलं.

कमलबाईनं रत्नाचं मनगट धरलं. “रत्ना, मी आजून उनूच नही ना?”

“नही आत्या. तुम्हना नंबर मध्यांतरनंतर शे.”

“मंग रहस्य कोनी फोडं?”

“फटफटीनी!”

शेजारची म्हातारी वळून म्हणाली, “तवय बी लोके आसाच वरडनात. आम्हले वाटे, तुले माहीत शे.”

कमलबाई उठून जायचं विसरून गेली. पदर तोंडात कोंबून हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतकी वर्षं!

मध्यांतरानंतर तिचा सीन आला. पेटीवाला घरी निघून गेला होता म्हणे, म्हणून संगीत नव्हतं. नुसता कणकेचा थप, थप आवाज. पाठमोरी बाई, समोर जाळ, आणि तिच्या पसरलेल्या हातांवर पांढरं काहीतरी वाढतंय, वाढतंय. कार्यालय चिडीचूप. पुढं बसलेलं एक लेकरू रडायला लागलं. कमलबाईच खुर्चीच्या कडेला सरकली. ही कोण बया? मग बाईनं चिमटा आगीत टाकला, हात जोडले, आणि लोक हसले. व्हायचं ते झालंच. पण आता तीही हसली.

पिक्चर संपल्यावर तिनं प्रेमराजना पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

“प्रेमराज भाऊ, फटफटी कोनी व्हती?”

प्रेमराजनं पेल्यात पाहिलं. “चुडामणनी.”

“मंग नाव मनं का बरं लिधं?”

“तो मनी बायकोना भाऊ, बाई. त्याले बोलतू तं मना घरमा चूल नही पेटती.”

“आनि नशिराबादनी बाई? ती बी बायकोना भाऊनीच सांगी व्हती का?”

“तिना मांडा रोटगाना मायक जाड व्हतात,” प्रेमराज खालच्या आवाजात म्हणाले. “पाव्हना आजून बोलतस.” मग मान वर करून, हार मानायची नाही म्हणून, “पन हात तं तू जोडातच ना?”

“जोडात. सकाळमा बी जोडसू.”

दोघंही हसले. प्रेमराज घुटमळले. थोरल्या मुलाच्या पोराचं लग्न आहे, म्हणाले, मांड्यांचं तू बघशील का?

“आखाजी व्हवू द्या. मंग सांगसू,” कमलबाई म्हणाली. लगेच हो म्हणायला ती काही इतकी स्वस्त नव्हती. पण घरी जाताना रत्नाला तिनं विचारलंच, लग्न घरी आहे की कार्यालयात. खापरं किती न्यावी लागतील?

घरी उन्हं ओसरीवरून उतरली होती. दुसऱ्या दिवशी नाक्याजवळच्या एका घरी मांडे द्यायचे होते आणि पीठ अजून चाळायचं पडलं होतं. कमलबाईनं लुगडं बदललं, परातीवर पातळ फडकं ताणून बांधलं, पिठाचा डबा पुढ्यात ओढला आणि मूठ मूठ पीठ त्यावर घासायला घेतलं.