झिरो पकडणारी

प्रेमलताबाई सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसल्या होत्या. कुकरच्या शिट्ट्या सुरू होत्या आणि समोरच्या खोलीत त्यांचे यजमान भैयाजी पलंगावर मांडी घालून चहात टोस्ट बुडवत होते. तेवढ्यात समोरचं दार वाजलं. कडी नव्हे, नुसतं बोटाच्या पेरानं, आत कोणी झोपलं असेल तर उठू नये अशा बेतानं.

दार उघडलं तर भूमिका.

प्रेमलताबाईंना हसूच आलं. "काय वं, आपल्याच घराचं दार वाजवते? मागून यायला काय झालं?"

भूमिका त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. काटोलकडची पोरगी, सिव्हिलचा डिप्लोमा करून रस्त्याच्या ऑफिसात वर्षभरासाठी अ‍ॅप्रेंटिस लागलेली. येता-जाता मागच्या दारातून शिरायची आणि "काकू, आज काय भाजी?" म्हणत थेट पातेल्यावरचं झाकण उचलायची. पहिल्याच आठवड्यात तिनं ऐटीत सांगितलं होतं, "काका, मी टेपचा झिरो पकडते." रस्त्याच्या मधोमध ठोकलेल्या खिळ्यावर टेपचं टोक दाबून बसायचं, एवढंच तिचं काम, आकडा वाचणारे साहेब वेगळे. तेव्हापासून भैयाजी रोज विचारायचे, "काय इंजिनिअर बाई, आज झिरो जागेवर होता का?" आणि ती म्हणायची, "मी असताना कुठं जाते तो!"

आज मात्र तिची नजर उंबऱ्यावरून वर येईना. मागे तिचे सुशील साहेब मोबाइलवर बोलत उभे होते.

"काकू, टेप घरात घ्यावा लागते. रस्ता रुंद होऊन राहिला न."

बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, म्हणून माप घरातूनच जाणार होतं. भैयाजींनी कप खाली ठेवला. कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाल्यावर त्यांनी ही खोली पुढे वाढवून बांधली होती. ते चप्पल न घालताच बाहेर गेले. भूमिका रस्त्याच्या मध्ये उकिडवी बसली होती, अंगठ्याखाली टेप. दोन्हीकडून स्कूटीवाले हॉर्न वाजवत निघत होते.

भैयाजी वाकले. "पोरी, हातभर सरकव न वं. कोणाले दिसते?"

"काका, शेजारच्या यमुताईच्या घरात खूण झाली. आपली तिच्या सरळ नाही आली, तर साहेब स्वतः झिरो पकडून मोजतील."

"मग मोजू दे त्याले. तू तर सरकव!"

तिनं अंगठा इतका दाबला की नखाखाली पांढरं पडलं.

आत साहेबांनी पलंगाच्या उशाशी भिंतीवर खडूनं खूण केली. या रेघेपुढचं सगळं जाणार. म्हणजे पलंग, खिडकी, दार, आणि वर भूमिकाची खोली. "रंगवाला आला नाही आज," साहेब म्हणाले, वाईट वाटून म्हणाले, आणि ब्रश तिच्या हातात दिला. भूमिकानं आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पलंगावर नीट ठेवलं. मग लाल रेघ ओढली आणि तिच्यावर बाण काढला.

"तुला माहीत होतं?" प्रेमलताबाईंनी विचारलं. सकाळी निघताना तिनं अर्धा सोडलेला चहा त्यांना आत्ता आठवला.

"काल सांजच्याला समजलं, काकू. साहेबांना म्हटलं, त्या गल्लीत दुसऱ्याले पाठवा. ते म्हणे, दुसरं आहे कोण?"

मग ती माणसं पुढच्या घराकडे गेली. भैयाजी दिवसभर पलंगावर बसलेच नाहीत. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे राहिले. "आपल्या हातचं जेवते," एवढंच दोनदा म्हणाले. प्रेमलताबाईंचाही राग त्या पोरीवरच जात होता, आणि तो तिथं टिकत नाही हेही त्यांना कळत होतं. साहेबाला कुणीतरी वरून सांगितलं, त्यानं हिला सांगितलं. हिच्याखाली सांगायला कुणी नव्हतं.

दुपारी त्यांनी दिवाळीच्या रंगकामातलं उरलेलं टर्पेंटाइन शोधलं आणि जुन्या बनियनचा बोळा घेऊन रेघ घासायला घेतली. लाल रंग फिका होऊन पसरत गेला. घासून काही होणार नाही हे बी.ए. झालेल्या बाईला सांगायला नको होतं. पण हात थांबत नव्हता.

संध्याकाळी भूमिका आली ती पुन्हा समोरूनच. आज तिनं भाजी विचारली नाही. भिंतीकडे पाहिलं, बोळ्याकडे पाहिलं. मागच्या आठवड्यात तिनंच जेवताना सांगितलं होतं की पलीकडच्या गल्लीत एकांनी खुणेवर चुना फासला, तर साहेबांनी परत रेघ मारायला तिला एकटीला पाठवलं, आणि त्या घरच्या म्हातारीनं हिच्या अंगावर बादली रिकामी केली. तेव्हा प्रेमलताबाईच म्हणाल्या होत्या, "बरं केलं म्हातारीनं!" आणि तिघंही हसले होते.

"काकू," ती दारातूनच म्हणाली, "ते पुसू नका. पुसलं तर परत रेघ माराले मलेच पाठवतील."